वाऱ्याचं पाणी

नोकरी आणि बायको या दोन्ही गोष्टी पट्टीवाल्यांना एकाच घरातून मिळाल्या आणि दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळल्या. बायकोचं म्हणणं असं की, नोकरी जरा जास्तच सांभाळली. त्यांचं खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर असेल तर असेल. काठावर लहानथोर सगळे त्यांना पट्टीवालेच म्हणत. कारण रोज सकाळी सातच्या ठोक्याला ते धक्क्याच्या टोकाशी जात, लोखंडी शिडी उतरत, गुडघ्यावर बसत आणि खांबाला ठोकलेल्या पट्टीवर पाणी कुठे टेकलंय ते बघत. मग वर येऊन वहीत आकडा लिहीत. झालं काम. पाहणाऱ्याला वाटावं, यासाठी सरकार पगार देतं? पट्टीवाल्यांना हा प्रश्न आयुष्यात हजारदा विचारला गेला आणि हजारदा त्यांनी एकच उत्तर दिलं, 'मग उद्या तुम्ही या.' दुसऱ्या दिवशी कोणी येत नसे.

पट्टी म्हणजे काही जगावेगळं यंत्र नव्हतं. शाळेतल्या फूटपट्टीची थोरली बहीण म्हणा, तीन माणसांच्या उंचीची, पांढऱ्या मुलाम्यावर काळे आकडे. आणि ज्याचं माप ती घेत होती ते सरोवर मात्र एवढं अवाढव्य की पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीसुद्धा दिसायचा नाही. कागदोपत्री सरोवर, बोलताना सगळे त्याला तळंच म्हणायचे. घरच्या माणसाला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, तसं.

पट्टी वाचायला त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे आधीचे पट्टीवाले. माणूस मितभाषी, पण तळ्याविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. पाऊस पडतो, नद्या पाणी आणतात, हे कोणालाही कळतं. एक नदी पाणी घेऊन जाते, हेही कळतं. पण तळं स्वतःचं पाणी हवेला देतं ते कधी, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा पट्टीवाल्यांनी, म्हणजे तेव्हाच्या नव्या जावयाने, छातीठोकपणे सांगितलं, 'भर उन्हाळ्यात.' सासरे हसले होते. 'सगळे हेच सांगतात. उन्हाळाभर तळं नुसतं ऊन पोटात साठवतं. थंडीची सुरुवात झाली, कोरडा वारा सुटला की पाणी अजून कोमट आणि हवा गार. तेव्हा तळ्यावर पहाटे वाफ दिसते बघ. खरं पाणी जातं ते तेव्हा.'

आणि मग सासऱ्यांनी तो धडा दिला, ज्याच्यावर जावयाची पुढची सगळी नोकरी उभी राहिली आणि शेवटी ज्याच्यापायी ती आडवी झाली. वारा जोरात समोरून आला की तळ्याचं पाणी या काठावर लोटलं जातं, आणि पट्टीवर वीत-वीत जास्त दिसतं. वारा पाठीवरून असेल तर तेवढंच कमी. वारा थांबल्यावरही पाणी परातीत हलल्यासारखं तासन् तास इकडून तिकडे झुलतं. 'हे वाऱ्याचं पाणी,' सासरे म्हणाले. 'ते आपलं नव्हे. पाहुणं आहे. पाहुण्याचं नाव कोणी दारावरच्या पाटीवर लिहितं का? अशा दिवशी कालचाच आकडा लिहायचा आणि बाजूला टिंब द्यायचं. टिंब म्हणजे वारा होता. समजणाऱ्याला समजतं.'

जावई टिंब देत राहिला. चार वर्षं दिली. मग खात्यात नवे हेडक्लार्क आले. त्यांचं सगळ्या जगाशी भांडण नव्हतं, फक्त अस्वच्छतेशी होतं. वही उघडून त्यांनी विचारलं, 'ही घाण काय आहे?' टिंबांविषयी सांगितलं तर म्हणाले, 'आकड्याच्या रकान्यात आकडा. टिंबांचा रकाना छापलेला नाही. वही स्वच्छ पाहिजे.' साहेबांशी हुज्जत घालण्याचा पट्टीवाल्यांचा पिंड नव्हता. शिवाय त्यांनाही वाटलं, टिंब आपल्या डोक्यात आहे की! वारा कधी होता ते आपल्याला ठाऊक, आकडा खरा तळ्याचा. मग टिंबावाचून काय अडलं? त्या दिवसापासून वह्या आरशासारख्या स्वच्छ झाल्या. हेडक्लार्कनी दुसऱ्या वर्षी त्या इतर कार्यालयांना नमुना म्हणून दाखवल्या. पट्टीवाल्यांनी ही गोष्ट घरी तीनदा सांगितली.

त्यानंतर आठ वर्षांनी डोंगराकडच्या नदीवर कालवा झाला. तळ्यात येणाऱ्या तीन नद्यांतली ती सगळ्यात थोरली. कालव्याचं पाणी दूरच्या शेतांना आणि त्याहून दूरच्या कारखान्यांना जायचं. उद्घाटनाला बँड होता म्हणतात. काठावरच्यांना बोलावणं नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. एवढ्या मोठ्या तळ्याला एका कालव्याने काय होणार?

झालं काय, ते पट्टीवाल्यांच्या शिडीला विचारावं. नोकरीला लागले तेव्हा सहा पायऱ्या उतरल्या की पाणी यायचं. मग खात्याने दोन जोडल्या. मग आणखी दोन, मग तीन. एकतिसाव्या वर्षी पायऱ्या तेरा झाल्या होत्या आणि पट्टीवाल्यांचे गुडघे त्यातली प्रत्येक पायरी नावानिशी ओळखत होते. कालवा झाल्यापासून एकोणीस वर्षांत पाणी दोन मीटर दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं. धक्क्याशी पाणी खोल होतं, म्हणून तिथे नुसत्या पायऱ्या वाढल्या. पण जिथे काठ उथळ होता तिथे दोन मीटर म्हणजे काय, हे कळायला ताईंच्या कारखान्यावर जावं लागायचं.

ताई म्हणजे पट्टीवाल्यांची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ही चौदाची आणि हा सहाचा. त्यामुळे ती बहीण कमी आणि आई जास्त होती. तिचं सासर बोटी दुरुस्त करणाऱ्यांचं. पत्र्याची मोठी शेड, आत वेल्डिंगचा धूर, रंगाच्या डब्यांचे मनोरे, आणि शेडच्या पोटातून निघून थेट पाण्यात उतरणारे दोन रूळ. नादुरुस्त बोट पाण्यातून यायची, रुळांवरच्या गाड्यावर चढायची, ताईंचे यजमान चक्रीने दोर गुंडाळून तिला शेडमध्ये ओढून घ्यायचे. जन्मभर पत्रे ठोकून मेहुण्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं सगळं काम ताईंचं. त्या कामात त्या तरबेज होत्या. बोटीच्या मालकाला त्याचीच चूक पटवून, वर त्याच्याकडून आभार मानून घ्यायच्या.

पाणी मागे हटलं तसे त्यांनी रूळ वाढवले. पहिल्यांदा वीस मीटर. तेव्हा हसत वाढवले. दुसऱ्यांदा साठ, तेव्हा मेहुणे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्यांदा शंभर मीटर वाढवले आणि शेवटचे रूळ चिखलात वाकडे झाले. गाडा घसरला की बोट उलटायची. चौथ्यांदा वाढवण्यात अर्थ नव्हता. पाणी आता शेडपासून एवढं लांब होतं की ताई म्हणायच्या, 'पूर्वी आम्ही तळ्याकाठी राहायचो, आता तळं आमच्या गावच्या शेजारच्या गावात राहतं.' लोक हसायचे. ताई हसायच्या नाहीत.

पाणी का गेलं, यावर काठावर जितकी तोंडं तितकी मतं. कोणी म्हणे पाऊस कमी झाला. कोणी म्हणे ऊन वाढलं. एका कोळ्याचं ठाम मत होतं की तळाला भोक पडलंय. पट्टीवाले अशा चर्चेत पडत नसत. त्यांना माहीत होतं की पाऊस चांगला झाला त्या वर्षीही पाणी पूर्वीसारखं चढलं नाही, आणि चढायला हवं तेव्हा नेमका कालवा तुडुंब वाहत असायचा. हे सगळं वह्यांत होतं, पांढऱ्यावर काळं. कोणी विचारलं तर सांगू. पण कोणी विचारत नव्हतं.

शेवटी काठावरच्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि चौकशी समिती नेमली गेली. प्रश्न एकच: तळ्याचं पाणी जे उतरलं त्यात कालव्याचा वाटा किती? वाटा मोठा निघाला तर कालव्याचे दरवाजे वर्षातले पाच महिने अर्धे बंद ठेवायचे, असं आधीच ठरलं होतं. दोन पावसाळ्यांत पाणी ताईंच्या शेवटच्या रुळाला लागलं असतं. नाही निघाला, तर कारखाना संपला. मेहुण्यांचं वय चौसष्ट, ताई एकसष्टीच्या. या वयात दुसरं काय करणार होते?

काठावरच्यांनी वकील केला. तरुण, हुशार, घाईत असलेला. तो एका रविवारी सकाळी पट्टीवाल्यांच्या घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर एकतीस वह्या मांडलेल्या होत्या, आणि शेजारच्या खुर्चीवर सासऱ्यांच्या सव्वीस. पट्टीवाल्यांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायको चहा टाकताना पुटपुटली, 'आमच्या लग्नात एवढे नटले नव्हते.' ताई कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या.

'काका, तुमच्या वह्या म्हणजे आमचा हुकमाचा एक्का,' वकील म्हणाला. 'संबंध तळ्यावर रोजची नोंद ही एवढीच आहे.'

पट्टीवाले नुसते हसले. एकतीस वर्षांनी कोणीतरी हे वाक्य उच्चारलं होतं. वकील पानं उलटू लागला. अंगठा भराभर चालत होता, मग सावकाश झाला, मग थांबला.

'हे काय? बावीस, तेवीस, चोवीस तारीख. तिन्ही दिवस एकशे ब्याऐंशी?'

'वारा होता,' पट्टीवाले म्हणाले आणि मोठ्या हौसेने त्यांनी वाऱ्याचं पाणी समजावून सांगितलं. पाहुणं, दारावरची पाटी, सगळं. वकिलाने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरत गेला, हे बायकोच्या लक्षात आलं, ताईंच्या आलं. बोलणाऱ्याच्या आलं नाही.

'असे किती दिवस असतील?'

'वर्षाला नव्वद. वाऱ्याचं वर्ष असलं तर शंभर.'

'आणि कुठे खूण?'

'सासऱ्यांच्या वह्यांत टिंबं आहेत. माझ्या पहिल्या चार वर्षांत आहेत. पुढे हेडक्लार्क नको म्हणाले.'

वकिलाने वही मिटली. चहा गार झाला होता तो त्याने एका घोटात संपवला. 'काका, नीट ऐका. तिथे हे बोलायचं नाही. रोज सकाळी पट्टी वाचली, जे दिसलं ते लिहिलं, बस. कोणी विचारलंच की तीन दिवस एकच आकडा कसा, तर म्हणायचं, त्या दिवसांत पाणी स्थिर होतं. एवढं एक वाक्य.'

'वारा असताना पाणी स्थिर कसं असेल?'

'नसेल. पण म्हणायचं.'

पट्टीवाल्यांनी वह्यांची चळत सारखी केली. जन्मात ते खोटं बोलले नव्हते अशातला भाग नाही. बायकोला आवडलेली साडी आपल्यालाही आवडल्याचं त्यांनी सांगितलं होतं. पण पट्टीविषयी? ताई मोड्यावरून उठल्या, जवळ आल्या आणि लहानपणी शाळेत सोडताना ठेवायच्या तसा त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. 'एक वाक्य बोलशील ना रे?'

'बोलतो,' पट्टीवाले म्हणाले. आणि तेव्हा ते खरंच बोलणार होते, हे इथे त्यांच्या बाजूने सांगून ठेवलं पाहिजे.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. लांब टेबलामागे समितीचे तिघे: एक निवृत्त न्यायाधीश, एक अधिकारी, आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई. पन्नाशीच्या, साध्या, केस मागे घट्ट बांधलेले. समोर खुर्च्यांवर काठावरची माणसं. पहिल्या रांगेत ताई आणि मेहुणे. मेहुण्यांनी कानामागे हात धरला होता. कालव्याच्या बाजूचा वकील भिंतीला टेकून पेन्सिलीला टोक करत होता.

सुरुवात झकास झाली. पट्टीवाल्यांनी सांगितलं, रोज सातला, एकतीस वर्षं, आजारपणाचे अकरा दिवस सोडून, आणि त्या अकरा दिवसांत बायकोने वाचली. सभागृहात हशा पिकला. न्यायाधीशसुद्धा हसले. मग बाईंनी एक वही उघडली. त्यांनी वह्या आधीच मागवून घेतल्या होत्या आणि पानांत कागदाचे कपटे घातले होते. पुष्कळ कपटे.

'हे पाहा,' त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. 'बरेच दिवस आदल्या दिवसाचाच आकडा आहे. त्या दिवशी पाणी स्थिर होतं का?'

वाक्य ओठांवर होतं. काठावरच्यांचा वकील खुर्चीत पुढे झुकला. ताईंनी पदर मुठीत धरला.

पट्टीवाल्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, कुतूहल होतं. ही बाई जाणकार आहे, हे त्यांना तिने वही धरली त्यावरूनच कळलं होतं. आता हिला सांगायचं की थंडीच्या तोंडावर, ऐन वाऱ्याच्या महिन्यात, तीन-तीन दिवस तळं बशीतल्या पाण्यासारखं निवांत होतं? ही काय समजेल? समजेल की या माणसाला पट्टी वाचता येत नाही. एकतीस वर्षं घरी झोपून आकडे ठोकले. खोटेपणाचं त्यांना तेवढं वाटलं नसतं; अडाणी ठरण्याचं वाटलं.

'नाही,' ते म्हणाले. 'वारा होता.'

'म्हणजे?'

आणि पट्टीवाले बोलायला लागले. बाईंनी मधेच विचारलं, वारा किती जोराचा असला की तुम्ही नोंद थांबवत होतात? त्यांनी सांगितलं, धक्क्यावरचा दोर ताठ झाला की. बाईंनी विचारलं, वारा पडल्यावर पाणी किती वेळ झुलतं? त्यांनी सांगितलं, पहिला झोका पाच तासांचा, मग लहान लहान. बाई म्हणाल्या, 'अगदी बरोबर. आमचं गणितही जवळपास हेच सांगतं.' पट्टीवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. खडू नव्हता, पेन मिळालं. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी तळं काढलं, वारा काढला, एका बाजूला चढलेलं पाणी काढलं. सासऱ्यांचं नाव घेतलं. थंडीच्या सुरुवातीला पहाटे दिसणाऱ्या वाफेविषयी सांगितलं. आपण अर्धा तास बोलतोय याचं त्यांना भान नव्हतं. सभागृह चिडीचूप होतं आणि त्यांना ती शांतता कौतुकाची वाटली.

ते थांबले तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे,' त्या म्हणाल्या. 'म्हणूनच अडचण आहे. पाणी दोन मीटर उतरलं, ते तर डोळ्यांना दिसतंय. त्यावर वाद नाही. वाद आहे तो कालव्याने किती नेलं आणि हवेने किती, यावर. हवा सगळ्यात जास्त पाणी नेते ती गार, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत. तुम्हीच आत्ता सांगितलंत. आणि नेमके तेच दिवस तुमच्या वहीत नाहीत.'

'पण ते वाऱ्याचं पाणी होतं. ते खरं नव्हतं.'

'तुम्ही जे दिसलं ते लिहायचं होतं. वाऱ्याची वजाबाकी आम्ही केली असती. आता कोणता आकडा पाहिलेला आणि कोणता कालचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सत्तावीस वर्षांतले अडीच हजारांहून जास्त दिवस असतील हे.' त्यांनी शेजारची एक जुनी वही पुढे ओढली. 'तुमच्या सासऱ्यांच्या वह्या वापरता येतील. टिंबं आहेत त्यांत.'

सासऱ्यांच्या वह्या कालव्याच्या आधीच्या. म्हणजे तळं भरलेलं होतं तोवरचा पुरावा शाबूत आणि रिकामं झालं तेव्हाचा बाद. कालव्याच्या वकिलाने भिंत सोडली, दोन पावलं पुढे आला आणि एकच वाक्य बोलला, 'साक्षीदाराने स्वतःच कबूल केलंय, आम्हाला काही विचारायचं नाही.' त्याच्या पेन्सिलीला आता छान टोक झालं होतं.

अहवाल चार महिन्यांनी आला. त्यात पाऊस, तापमान, बाष्पीभवन, कालवा, सगळ्यांची नावं होती आणि कोणावरच बोट नव्हतं. प्रत्येकाचा वाटा असू शकतो. किती, हे उपलब्ध नोंदींवरून ठरवता येत नाही. नवी स्वयंचलित यंत्रणा बसवावी, दहा वर्षं विश्वसनीय नोंदी घ्याव्यात, मग पुन्हा विचार करावा. तोवर कालवा आहे तसा चालू. दहा वर्षं! पेशंट दगावतोय आणि डॉक्टर सांगतोय की थर्मामीटर नवा मागवलाय.

यंत्र मात्र लगेच आलं. धक्क्याच्या टोकाला पांढरी पेटी, वर सूर्याच्या उजेडावर चालणारी तबकडी. बसवणारा तंत्रज्ञ भला माणूस होता. त्याने पट्टीवाल्यांना सगळं दाखवलं. पेटी दर दहा मिनिटांनी पाणी मोजणार, वाऱ्याचं असो की बिनवाऱ्याचं, सगळं लिहिणार. मग त्याने कळा दाबल्या आणि सांगितलं, 'या महिन्याची सरासरी धरलीय. हा आता शून्य. याच्या वर गेलं तर अधिक, खाली गेलं तर उणे.'

'अहो, पण हा शून्य कसा?' पट्टीवाले म्हणाले. 'पाणी याच्यावर दोन मीटर दहा होतं. तिथे, खांबावरच्या त्या हिरव्या डागापर्यंत.'

'असेल काका. पण यात मागचं घालता येत नाही.'

म्हणजे तळं जिथे येऊन पडलं होतं तेच त्याचं घर ठरलं. उद्या कोणी यंत्राला विचारलं तर ते सांगेल, इथे पाणी कधी उतरलंच नाही. खात्याने पट्टीवाल्यांना निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं काढायला भांडारात पाठवलं. तिथे गमबूट आणि छत्र्या मोजायच्या होत्या.

ताईंनी कारखाना महिनाअखेर बंद केला. दीडशे किलोमीटरवर मुलीचं घर होतं, चौथ्या मजल्यावर. तिथे जायचं ठरलं. पट्टीवाले अहवालानंतर दोनदा त्यांच्याकडे गेले होते. दोन्ही वेळा ताईंनी चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली. सुनावणीचा शब्द काढला नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पट्टीवाल्यांना वाटायचं. शिव्यांना उत्तर देता येतं. त्यांनी उत्तर तयारही ठेवलं होतं: मी खोटं बोलू शकलो नाही, ताई. रोज शिडीची आठवण येऊन झोपमोड झाली की ते हे वाक्य घोटून घेत.

शेवटच्या दिवशी भंगारवाल्याची माणसं रूळ उपटत होती. मेहुणे ट्रकमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, समोर बघत. शेडमध्ये ताई एकट्याच हातरुमालाने खिडकीची काच पुसत होत्या. जी शेड उद्या पाडायची तिची काच कशाला पुसायची? पण हाताला सवय.

'ताई,' पट्टीवाले म्हणाले, 'मला खोटं बोलता आलं नाही.'

ताईंनी पुसणं थांबवलं नाही. 'त्याचं मला काही नाही रे. खोटं नाही बोललास, ठीक आहे. मीच तुला लहानपणी खोट्यासाठी मारलंय.' मग त्यांनी रुमालाची घडी केली आणि भावाकडे वळल्या. आवाज अगदी नेहमीचा होता. 'पण मी पहिल्या रांगेत बसले होते. फळ्यावर काढून दाखवत होतास ना, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुला किती आनंद झाला होता. अर्धा तास मी तुला दिसले नाही.'

पट्टीवाल्यांचं घोटून ठेवलेलं वाक्य बोलून झालं होतं. नाही म्हणावं, तर ते खरं नव्हतं. तो अर्धा तास त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. त्यात ताई नव्हत्या, रूळ नव्हते, कालवाही नव्हता. फक्त तळं होतं आणि ते कळणारी एक बाई.

'चल, निघते,' ताई म्हणाल्या. 'हे वाट बघतायत. हाक मारलेली ऐकू यायची नाही त्यांना.'

त्या ट्रककडे गेल्या. पट्टीवाले मागून दोन पावलं चालले आणि थांबले. ट्रक वळला, आणि सुकलेल्या चिखलावरून रस्ता चढून निघून गेला.